माजी खेळाडूचा बास्केटबॉल वर्ग : ग्वाल्हेरच्या एका पालकाचे परीक्षण

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका शाळेच्या मैदानावर सकाळ-संध्याकाळ चालणाऱ्या बास्केटबॉल वर्गाचे हे परीक्षण आहे. वर्ग चालवणारे सर एका सरकारी उपक्रमाच्या संघातून बरीच वर्षे खेळले, नंतर त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आता ते पूर्णवेळ मुलांना शिकवतात. वर्गाची सारी जाहिरात या एकाच गोष्टीवर उभी आहे. माझी तेरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा भाचा असे दोघेही तेथे जात असल्यामुळे, एकाच शिक्षकाचे शिकवणे दोन निरनिराळ्या वयांना कसे लागू पडते हे शेजारी शेजारी ठेवून पाहता आले. मत आधीच सांगून टाकते. चेंडूवर थोडाफार हात बसलेल्या, बारा-तेरा वर्षांच्या पुढच्या मुलामुलींसाठी इतके चांगले शिकवणे माझ्या पाहण्यात शहरात दुसरीकडे नाही. त्याहून लहान मुलांसाठी मात्र हा वर्ग सरांच्या नव्हे, तर त्यांच्या सहायक शिक्षिकेच्या जोरावर चालतो. पुढे काही तक्रारीही येणार असल्याने वर्गाचे नाव देत नाही.

बास्केटबॉलवर पोट भरण्याची आपल्याकडची रीत अमेरिकेहून अगदी निराळी आहे, आणि या वर्गाचे गुणदोष समजून घ्यायचे तर ती आधी लक्षात घ्यावी लागते. आपल्या देशात या खेळाची पगारी लीग अजून नीट रुजलेली नाही. युनायटेड बास्केटबॉल असोसिएशनची लीग २०१५ साली सुरू झाली आणि दोन-तीन वर्षांत बंदही पडली. त्यामुळे चांगला खेळाडू रेल्वे, सेनादल, ओएनजीसी किंवा इंडियन ओव्हरसीज बँक अशा संघांकडे जातो, खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळवतो, गुडघे साथ देतात तोवर खेळतो आणि मग त्याच कार्यालयात टेबलाशी बसतो. ज्याला कोर्ट सुटत नाही, तो पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून पदविका घेतो किंवा तीही न घेता स्वतःचा वर्ग काढतो, आणि पहिल्या दिवसापासून मुख्य प्रशिक्षकच असतो. दुसऱ्या कोणाच्या हाताखाली चार वर्षे काढण्याची सोयच नसते.

अमेरिकेत ही मधली पायरी असते आणि तिचे मोल मोठे आहे. न्यूयॉर्क निक्सकडून खेळलेले फिल जॅक्सन शिकागो बुल्सच्या प्रशिक्षकांत पोहोचण्याआधी कॉन्टिनेन्टल या दुय्यम लीगमध्ये ऑल्बनीचा संघ सांभाळत होते, १९८४ साली त्यांनी तो अजिंक्य केला, आणि उन्हाळ्यात ते प्वेर्तो रिकोत जाऊन तिथले संघ शिकवत. एनबीए या तिथल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगमधील त्यांची ११ विजेतेपदे ही त्यानंतरची गोष्ट. लॉस एंजेलिस लेकर्सच्या १९७२ च्या विजेत्या संघात असलेले पॅट रायली निवृत्तीनंतर आधी त्याच संघाच्या सामन्यांच्या समालोचनाला बसले, मग सहायक झाले आणि १९८१ मध्ये मुख्य प्रशिक्षक. एरिक स्पोल्स्ट्रा तर एनबीएत एकही सामना खेळलेले नाहीत. मायामी हीटच्या व्हिडिओ खोलीत १९९५ साली चित्रफिती कापण्यापासून सुरुवात करून २००८ मध्ये ते मुख्य प्रशिक्षक झाले. दुसऱ्याच्या चुका वर्षानुवर्षे बाहेरून पाहणे, त्या कोणाला तरी समजावून सांगणे, आणि आपले सांगणे समोरच्याला कळले नाही हे रोज अनुभवणे, हे शिक्षण या लोकांना मुख्य खुर्ची मिळण्याआधी झालेले होते. आमच्या सरांना ते मिळाले नाही, आणि वर्गात जे उत्तम आहे आणि जे कच्चे आहे ते दोन्ही बहुतांशी यातूनच येते.

उत्तम काय, ते आधी. मोठ्या मुलांच्या तुकडीत पहिली वीस-पंचवीस मिनिटे धावणे, ताणाचे व्यायाम आणि ड्रिबल होतात. त्यात विशेष काही नाही. खरे शिकवणे सुरू होते ते अर्ध्या कोर्टवर तीन विरुद्ध तीन असा खेळ लागल्यावर. सर कोपऱ्यात उभे राहून पाहत असतात आणि मध्येच ‘फ्रीज’ म्हणून ओरडतात. सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचे. मग चेंडू ज्याच्या हातात असेल त्याने डोळे मिटायचे आणि आपले दोन्ही साथीदार कुठे आहेत ते बोटाने दाखवायचे. माझ्या मुलीवर ही पाळी आली तेव्हा तिने एक मैत्रीण बरोबर दाखवली. दुसरी ज्या जागी असेल असे तिला वाटत होते, ती जागा रिकामी होती. ती मुलगी तोपर्यंत बेसलाइनवरून, म्हणजे रिंगमागच्या टोकाच्या रेषेवरून, रिंगखाली गेली होती आणि एकटी, मोकळी उभी होती. सरांनी एका शब्दानेही न रागावता बचाव करणाऱ्या मुलीची मान दाखवली. तिचे डोळे चेंडूवर खिळले होते आणि तिच्या पाठीमागून माणूस निघून गेल्याचे तिला ठाऊकच नव्हते. बचाव करणाऱ्याची मान चेंडूकडे वळली की त्याच क्षणी त्याच्या पाठीमागून कापायचे, आणि चेंडू हातात असलेल्याने त्या मानेकडे लक्ष ठेवायचे, एवढेच त्यांनी सांगितले आणि खेळ पुढे सुरू केला. ‘नजर ऊपर’ हे त्यांचे दोन शब्द त्या मैदानावर संध्याकाळभर ऐकू येतात.

हे शिकवणे पुस्तकातून येत नाही. स्क्रीन लावल्यावर, म्हणजे साथीदाराने बचावपटूची वाट अडवून उभे राहिल्यावर, समोरचा बचावपटू खालून गेला तर तिथूनच शॉट घ्यायचा, वरून चिकटून आला तर आत शिरायचे, आणि दोघे बचावपटू चेंडूवर धावले तर स्क्रीन लावणाऱ्याकडे पास टाकायचा, हे तीन पर्याय कोणताही प्रशिक्षित शिक्षक फळ्यावर काढून दाखवील. पण त्या तिघांपैकी कोणता पर्याय येणार हे बचावपटूच्या पुढच्या पायावरून अर्धा सेकंद आधी ओळखता येते, आणि तो पाय कसा पाहायचा, हे ज्याने शेकडो वेळा अंगावर घेतले आहे तोच दाखवू शकतो. सर शॉट कसा मारावा यापेक्षा केव्हा मारू नये यावर अधिक बोलतात. फ्री थ्रोचा, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या बिनअडथळ्याच्या शॉटचा, सराव ते मुद्दाम शेवटी, मुले धावून दमलेली असताना घेतात, कारण सामन्यात फ्री थ्रो ताज्या दमाने कधीच मिळत नाही. पिव्होटच्या, म्हणजे जागा न सोडता ज्यावर वळायचे त्या, पायावर उभे राहून दोन खोट्या हालचाली आणि तिसरी खरी, हा त्यांचा आवडता भाग आहे. तो शिकवताना साठीकडे झुकलेला हा माणूस इतका चपळ होतो की कडेला बसलेले पालकही मोबाइल खाली ठेवतात.

एनबीएतले जे खेळाडू पुढे नावाजलेले प्रशिक्षक झाले त्यांच्यात अशा पाहणाऱ्या माणसांचे प्रमाण लक्षात येण्याजोगे आहे. जॅक्सन यांची खेळाडू म्हणून सरासरी सामन्यामागे ६.७ गुणांची आणि रायली यांची ७.४ गुणांची, दोघांचाही बराच काळ बाकावर, म्हणजे खेळ बाहेरून पाहण्यात गेला. स्टीव्ह कर तीन गुणांच्या शॉटमध्ये ४५.४ टक्के अचूकता राखून एनबीएच्या इतिहासात पहिल्या क्रमांकावर आहेत, पण संघात त्यांचे काम मोजकेच असे. शिकागोत ते जॅक्सन यांच्या आणि सॅन अँटोनिओत ग्रेग पॉपोविच यांच्या हाताखाली खेळले आणि दोघांकडून काय काय उचलता येईल ते उचलले. २००१ च्या अंतिम फेरीत अॅलन आयव्हर्सन यांनी शॉट मारून ज्यांना ओलांडून पाऊल टाकले, तो प्रसंग आजही ज्यांच्या नावाला चिकटला आहे, ते टायरॉन लू २०१६ मध्ये क्लीव्हलँडला विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक ठरले. याचा अर्थ मोठा खेळाडू चांगला शिकवू शकत नाही असा मुळीच नाही. लेनी विल्किन्स नऊ वेळा ऑल स्टार, म्हणजे हंगामातल्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, होते, १९७९ साली सिअॅटलला अजिंक्य करणारे प्रशिक्षकही तेच, आणि बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी आहे. ते पॉइंट गार्ड होते, म्हणजे उरलेल्या चौघांना कुठे उभे करायचे याचा विचार करणे हेच त्यांचे रोजचे काम होते. आमचे सरही गार्डच होते आणि त्यांच्या शिकवण्यात ते दिसते. उंच, रिंगखाली खेळणाऱ्या मुलांना त्यांच्याकडून त्या मानाने कमी मिळते, ही गोष्ट सहा फुटांकडे निघालेल्या मुलाच्या पालकांनी ध्यानात ठेवावी.

आता लहान मुलांची तुकडी. भाच्याला डाव्या हाताने लेअप (धावत जाऊन, उडी मारून रिंगजवळून टाकलेला चेंडू) जमत नव्हता. उजव्या हाताचा लेअप म्हणजे उजवे पाऊल, डावे पाऊल आणि डाव्या पायावरून उडी. डाव्या हाताचा याच्या बरोबर उलट. सरांनी त्याला करून दाखवले. त्याला जमले नाही. त्यांनी पुन्हा करून दाखवले, आणि दुसऱ्या खेपेला आणखी थोड्या वेगाने. तिसऱ्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीचे आश्चर्य होते, कारण जी गोष्ट त्यांच्या अंगात पन्नास वर्षे मुरलेली आहे तिचे तुकडे कुठे पडतात हेच त्यांना आता दिसत नाही. ते सारखे ‘ऐसे, ऐसे’ म्हणत राहिले. नंतर ते मोठ्यांच्या कोर्टकडे वळल्यावर सहायक शिक्षिका, जिला सगळी मुले दीदी म्हणतात, खडू घेऊन आली. तिने सिमेंटवर एक डावे आणि एक उजवे पाऊल आखले, चेंडू बाजूला ठेवायला लावला आणि भाच्याला नुसते त्या खुणांवरून चालायला सांगितले. मग चालता चालता उजवा पाय टेकताच डावा गुडघा वर उचलायला सांगितले. मग उडी. मग चेंडू, पण रिंगकडे न टाकता तिच्या हातात द्यायचा. रिंग सगळ्यात शेवटी आली. त्या आठवड्यात दहातले दोन-तीन लेअप पडत असतील, पण पावले चुकणे थांबले होते.

दीदी लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेत शिकलेली आहे. ग्वाल्हेरकरांना या संस्थेबद्दल नव्याने सांगायला नको. १८५७ च्या उठावाला शंभर वर्षे झाली त्या १९५७ साली झाशीच्या राणीच्या नावाने ती इथे सुरू झाली, कारण राणीने देह ठेवला तो याच शहरात. देशभरातल्या शाळांचे क्रीडाशिक्षक या संस्थेतून घडून जातात आणि आपण मात्र फाटकावरून रोज जाऊनही तिला फारशी मोजत नाही. कोणत्या वयात मुलाला कोणती हालचाल झेपते, अवघड कृतीचे टप्पे कसे पाडायचे, दमलेल्या मुलात आणि कंटाळलेल्या मुलात फरक कसा ओळखायचा, हे तिथे अभ्यासक्रम म्हणून शिकवले जाते. ज्या शहरात असे मनुष्यबळ हाताशी आहे तिथल्या माजी खेळाडूंना स्वतःच्या वर्गासाठी चांगला सहायक मिळणे इतर शहरांच्या मानाने सोपे असायला हवे. सरांनी ते ओळखले, ही माझ्या मते त्यांनी या वर्गासाठी केलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे.

खेळाडू आणि जाणकार सहायक अशी जोडी किती दूर जाऊ शकते याचे उत्तम उदाहरण लॅरी बर्ड यांचे आहे. १९९७ साली ते इंडियाना पेसर्सचे प्रशिक्षक झाले तेव्हा त्यांना शिकवण्याचा अनुभव शून्य होता. त्यांनी आक्रमणाची आखणी रिक कार्लाइल यांच्याकडे आणि बचावाची डिक हार्टर यांच्याकडे सोपवली, स्वतः शिस्त आणि सामन्यातले निर्णय सांभाळले, पहिल्याच हंगामात वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मान मिळवला आणि २००० मध्ये संघाला अंतिम फेरीपर्यंत नेले. त्यातले कार्लाइल पुढे २०११ मध्ये डॅलसला विजेतेपद मिळवून देणारे मुख्य प्रशिक्षक झाले. याउलट मॅजिक जॉन्सन यांनी मार्च १९९४ मध्ये चालू हंगामात लेकर्सची सूत्रे घेतली. पहिल्या सहापैकी पाच सामने जिंकले आणि शेवटचे दहाच्या दहा हरले. हंगाम संपताच त्यांनी ते काम सोडून दिले. जेसन किड २०१३ च्या जूनमध्ये निवृत्त झाले आणि त्याच महिन्यात ब्रुकलिन नेट्सचे प्रशिक्षक झाले. त्याच वर्षी टाइम आउट शिल्लक नसताना खेळ थांबवण्यासाठी त्यांनी आपल्याच खेळाडूला धक्का द्यायला लावून कोर्टवर शीतपेय सांडले आणि ५०,००० डॉलर दंड भरला. खेळाडूची हुशारी प्रशिक्षकाच्या खुर्चीत बसल्यावर लगेच कोणत्या वाटेने जाते, ते यातून दिसते. पुढे हेच किड २०२४ मध्ये डॅलसला घेऊन अंतिम फेरीत पोहोचले, तेव्हा अनुभवाने माणूस घडतो हेही खरेच.

भारतीय संघांच्या बाबतीतही माजी व्यावसायिक खेळाडूंना शिकवायला बोलावण्याचा प्रयोग झालेला आहे. २०११ साली पुरुषांच्या संघासाठी केनी नॅट आणि महिलांच्या संघासाठी तमिका रेमंड हे अमेरिकी प्रशिक्षक आले. नॅट एनबीएत खेळलेले आणि रेमंड डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिलांच्या लीगमध्ये खेळलेल्या. दोघांनाही त्याआधी तिकडे शिकवण्याचा अनुभव होता. तेव्हा नुसते खेळलेले असणे पुरते असे त्यांना बोलावणाऱ्यांनीही मानले नसावे.

तक्रारींकडे वळते. पहिली तक्रार रिंगची आहे. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफिल्डच्या व्यायामशाळेत सज्जाच्या कठड्याला टोपल्या ठोकल्या. तो कठडा दहा फुटांवर होता, म्हणून आजही रिंग ३.०५ मीटरवर असते. लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलसाठी ती २.६० मीटरवर घेतात आणि चेंडूही पाच नंबरचा देतात. इथे रिंग खाली-वर करण्याची सोय नाही, आणि अनेकदा नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या हातातही सात नंबरचा चेंडू असतो, ज्याचे वजन ६०० ग्रॅमच्या आसपास भरते. परिणाम असा की मूल चेंडू कमरेपासून दोन्ही हातांनी भिरकावू लागते, कोपर बाहेर जाते आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. याबद्दल विचारल्यावर सरांचे उत्तर होते की आम्ही असेच शिकलो. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, खेळ शोधून काढणारे नेस्मिथ स्वतः शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते आणि कॅन्सस विद्यापीठाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी ५५ सामने जिंकून ६० गमावले. त्यांच्याच हाताखाली खेळलेले फॉग अॅलन मात्र पुढे त्याच विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून अजोड ठरले.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखू लागणे हे उड्या मारणाऱ्या मुलांमध्ये नेहमीचे असते. वाढत्या हाडाच्या त्या जागी स्नायूबंध सारखा ओढला गेल्याने तिथे सूज येते. डॉक्टर त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात आणि बहुतेक वेळा उड्या काही काळ कमी करणे, बर्फ लावणे आणि मांडीच्या स्नायूंचे ताण-व्यायाम एवढ्यावर ते निभावते. माझ्या मुलीला हे सुरू झाले तेव्हा तिने सरांना सांगितले, आणि दुखणे तर खेळाचा भागच आहे असे म्हणून त्यांनी तिला उड्यांचा सराव पूर्ण करायला लावला. ज्या पिढीत दुखापत सांगणारा खेळाडू संघातून वगळला जाई त्या पिढीचे हे बोलणे आहे हे मला समजते, पण महिन्याची फी देणाऱ्या पालकाने ते मान्य करण्याचे कारण नाही. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवल्यानंतर मात्र त्यांनी एकही प्रश्न न विचारता तिला उड्यांतून सूट दिली आणि तेवढा वेळ बसल्या जागी पासचा सराव लावून दिला, हेही नोंदवायला हवे. मैदानावर बर्फाची पेटी असते, पण ती उघडण्याचा निर्णय दीदी घेते.

मुलींच्या दृष्टीने वर्ग चांगला आहे. दीदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर असते, मुलींसाठी शाळेचे वेगळे स्वच्छतागृह उघडे ठेवलेले असते, आणि मुलामुलींचा एकत्र खेळ लावताना सर मुलींना चेंडू द्यायचाच नाही असली लबाडी चालू देत नाहीत. मोठ्या तुकडीतल्या मुलींनी भिंतीवर बेकी हॅमन यांचे चित्र लावले आहे. डब्ल्यूएनबीएत खेळून झाल्यावर त्या २०१४ मध्ये सॅन अँटोनिओच्या पुरुष संघाच्या पूर्णवेळ सहायक प्रशिक्षक झाल्या, पॉपोविच यांच्या शेजारी आठ हंगाम बसल्या आणि २०२२ मध्ये लास वेगस एसेसचे मुख्य प्रशिक्षकपद घेताच त्याच वर्षी विजेतेपद मिळवले. सरांनी ते चित्र पाहून या कोण, असे विचारले होते. मुलींनी त्यांना बसवून सविस्तर सांगितले आणि त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

सोयींबद्दल थोडक्यात. कोर्ट उघड्यावरचे आणि सिमेंटचे आहे, त्यामुळे चांगल्या तळव्याचे बूट घेतल्याशिवाय मुलांना पाठवू नये. मे महिन्यात ग्वाल्हेरचे ऊन कसे असते ते सांगायला नको. त्या काळात सकाळची तुकडी साडेपाचला सुरू होऊन सातच्या आत सुटते, आणि जानेवारीच्या धुक्यात ती बंदच असते. संध्याकाळचे दिवे पुरेसे आहेत, मात्र पावसाळ्यात कोर्ट सुकेपर्यंत मुले कडेला उभीच असतात आणि तेवढा वेळ वाया जातो. एका तुकडीत तीसच्या आसपास मुले असतात, जे दोन शिक्षकांच्या मानाने जास्तच आहे. महिन्याची फी १,५०० रुपये, नोंदणीचे ५०० रुपये वेगळे आणि चेंडू ज्याचा त्याने आणायचा. तीन महिन्यांची फी एकदम भरल्यास थोडी सूट मिळते, पण मधेच सोडल्यास पैसे परत मिळत नाहीत, आणि हे पावतीवर कुठेही लिहिलेले नसते.

काही पालक निवड-चाचणीची आशा धरून येतात. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात, त्यांची प्रमाणपत्रे पुढे प्रवेशाला आणि नोकरीला उपयोगी पडतात, आणि सरांची निवड समितीत ओळख असेलच असा एक समज पसरलेला आहे. सरांनी तसे आश्वासन माझ्यासमोर कोणालाही दिलेले नाही. उलट एका गृहस्थांनी तसे सुचवताच, मुलगा डाव्या हाताने ड्रिबल करू लागला की मग बोलू, असे सांगून त्यांनी विषय संपवला. क्रिकेटच्या वर्गांत पालकांना जी स्वप्ने विकली जातात ती मी पाहिली आहेत. ज्या शहरातल्या रूपसिंह स्टेडियमवर २०१० साली सचिन तेंडुलकर यांनी पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यातले पहिले द्विशतक काढले, तिथे ती चांगल्या भावाने खपतातही, म्हणून या सडेतोडपणाला मी वेगळे गुण देते.

प्रवेश घेण्याआधी पालकांनी सरांची पदके पाहण्याऐवजी मूल ज्या तुकडीत जाणार ती तुकडी दोन संध्याकाळी कडेला बसून पाहावी, आणि दीदी कोणत्या दिवशी असते ते विचारून घ्यावे. परीक्षांच्या काळात ती काही दिवस नसते आणि तेव्हा लहान मुलांच्या तुकडीत नुसतेच सामने खेळवले जातात. माझ्या मुलीची फी मी पुढच्या तीन महिन्यांसाठी भरली आहे. भाच्याचे नाव सध्या काढले असून, खाली घेता येणारी रिंग ज्या शाळेत आहे तिथल्या क्रीडाशिक्षकांच्या वर्गात त्याला घातले आहे. बारा वर्षांचा झाला की त्याला पुन्हा सरांकडे पाठवायचे असे वहिनीचे आणि माझे ठरले आहे, आणि सरांना तसे सांगितल्यावर त्यांनी नोंदणीचे ५०० रुपये पुन्हा भरावे लागणार नाहीत, असे वहीत लिहून ठेवले आहे.